ब्रेक कशाला

११ जानेवारी, शनिवार

शमिका दिवेलागणीलाच झोपली. उद्या पहाटे टेम्पो यायचा आहे. शर्यत उताराची. वरच्या सड्यावरून, कातळाच्या माळावरून सुटायचं, काजूच्या बागांतून यायचं, मग गावातल्या पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून थेट समुद्रापर्यंत. चढ कुठेच नाही. मी म्हटलं, मग त्यात दमायचं काय? ती म्हणाली, "दमायचं नाय गो आई. घाबरायचं असतं नुसतं." ती हसली. मला हसू आलं नाही.

ती झोपल्यावर ओटीवर सायकल पुसायला घेतली. एरवी सायकल मिरकरवाड्याला शमिकाच्या मैत्रिणीकडे, निदाकडे असते, तिच्या बाबांच्या, गफूरभाईंच्या, सायकलच्या दुकानात. आज पहिल्यांदा घरी मुक्कामाला आली. भाट्याचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. दाराची कडी, विळी, शिलाईचं मशीन, सगळ्यावर मी रोज तेलाचा हात फिरवते, म्हणून तर लग्नात आलेलं मशीन अजून कुरकुरत नाही. ही सायकल ह्यांनी दिवाळीत मुंबईहून पाठवली. वापरलेली, पण भारीतली. शमिकाच्या जुन्या सायकलला ब्रेकचे रबर चाकाच्या कडेला घासायचे. हिच्या चाकांच्या मध्याला बशीएवढी लोखंडी चकती आहे, आणि ब्रेक म्हणजे त्या चकतीला दोन्हीकडून धरणारा चिमटा. दोन्ही चकत्यांवर गंजाचे ठिपके धरले होते. मशीनचं तेल घेऊन चिंधीने घासून काढल्या. आता तोंड बघून घ्यावं अशा झाल्यात.

पोरीचं हाड मोडलं तर, हा विचार येतो. तो आला की मी गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजचं एखादं काज करायला घेते. आज पुष्कळ काजं झाली.

१२ जानेवारी, रविवार

जिंकली. मुलींत नव्हे, सगळ्यांत. मुलगेही मागे.

मी गेले नव्हते. जाववलंच नाही. दर्शनने घरी येऊन फोनवर दाखवलं. हा सायकल क्लबातला, बापाचं मोबाईलचं दुकान आहे. दर दोन वाक्यांनी म्हणतो, "काकी, पागल झालेत लोक." ते बघून मी खाली बसले. पाखाडी सुरू होण्याआधी एक काटकोनी वळण आहे. तिथे प्रत्येक जण थांबल्यासारखा होतो आणि मग पायरी पायरी उतरतो. शमिका थांबलीच नाही. वळण सोडून सरळ, मातीच्या भरावावरून कडेच्या दगडी गडग्यावर गेली, गडग्यावरून उडाली, सगळ्या पायऱ्या तिच्या पायांखालून गेल्या, आणि खाली कुणाच्या तरी अंगणातल्या मातीवर ती चाकांवर उभी. तिथून सुरूच्या झाडांतून, शेवटच्या कमानीतून, पुळणीच्या वाळूवरून सरळ समुद्रात. लोक किंचाळतायत, टोप्या उडवतायत. "समुद्रात गेली काकी, सेलिब्रेशन बघा," दर्शन म्हणाला.

मी त्याला पुन्हा लावायला सांगितलं. गडग्याच्या आधी तिचे हात जवळून दिसतात. दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आहेत, पार हँडलच्या मुठीपर्यंत ओढलेली. मी बारीक कामाची बाई, मला हात आधी दिसतो. दर्शनला म्हटलं तर तो म्हणाला, "नाही हो काकी, तिने ब्रेकला हातच नाही लावला, सगळे तेच बोलतायत."

ती आली तेव्हा कपडे अंगावरच वाळून मिठाने कडक झाले होते. मेडल टेबलावर ठेवलं. दोन घास खाल्ले आणि दिवा चालू ठेवून झोपली. लहानपणापासून तिला काळोखाची भीती कधी वाटली नव्हती. सायकल निदाने परत दुकानात नेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ घ्यायला इतकी माणसं यायला लागली की मी शेजारच्या कमळाकडून लाडू उसने आणले. कोण कुठले मुलगे, फाटकाशी उभे राहून फोटो काढतात. एकाने ओटीवरच्या शमिकाच्या चपलांचा फोटो काढला. दर्शनने फोनवर तिच्या नावाचं पान उघडलंय, "शमिका सुसाट". तो वाचून दाखवत होता. "हिच्या अंगात भीतीच नाही." "ब्रेक? कशाला?" हे दुसरं कोणीतरी गमतीत लिहिलं आणि आता सगळे तेच लिहितात. लग्न करशील का विचारणारे आहेत, तेही बरेच. दर्शन ते पटपट वर सरकवत होता.

संध्याकाळी टीव्हीवाली मुलगी आली. विचारलं, या विजयाचं श्रेय कुणाला? शमिका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आईमुळे जिंकले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पदराने डोळे पुसले. माझ्या पोरीने कधी असं तोंडावर म्हटलं नव्हतं.

पण म्हणताना ती हसली नव्हती. ते मला आत्ता लिहिताना आठवतंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी मिरजोळ्याला कामावर निघताना शमिका म्हणाली, "आई, यापुढे सायकल मी आणि निदा बघू. तू तिला हात लावू नको."

"का गो? पुसली तरी नाही चालणार?"

"नको ना. ऐक एवढं."

आवाज चढवला नाही. तरी टोचलं. कालपर्यंत आईमुळे, आणि आज आईने हात लावायचा नाही.

दुपारी तिची सॅक धुवायला काढली. खिशात कागदाची पुडी निघाली. आत चार काळे तुकडे, वडीएवढे, पाठीला पत्रा. नाकाशी धरले तर वास ओळखीचा, मशीनच्या तेलाचा. दुकानातल्या वस्तूला तेलाचा वास असायचाच. दर्शन बॅनरचं माप विचारायला आला होता, त्याला दाखवले. म्हणाला, "हे ब्रेकचे पॅड. यांनीच तर चकती पकडतात." मग डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे तिने काढून टाकले? खरंच?"

मी त्याला कुणाला बोलू नको म्हणून शपथ घातली. तो पाळेल असं वाटत नाही.

माझ्या मनात ते तेव्हापासून बसलंय. लोक म्हणतात ब्रेक कशाला, आणि पोरीने ब्रेक काढून टाकले.

१९ जानेवारी, रविवार

भाट्याच्या पुळणीवर आज जत्रा भरल्यासारखं होतं. वरच्या रस्त्यावरून मुलगे सायकली सोडतात आणि थेट पाण्यात जातात. पाण्यात गेलं की बाकीचे ओरडतात, "ब्रेक कशाला". लहान लहान मुलं पण होती. एकाच्या आईने त्याला कानाला धरून नेलं, बाकीच्यांच्या आया घरी असाव्यात.

मी सुरूच्या झाडामागे उभी राहून बघत होते. शमिकाला कळलं तर ती खूश होईल की काय, या विचाराने मला जास्त भीती वाटली. रात्री तिला सांगितलं. ताटातला हात तिने तसाच ठेवला.

नंतर निदा आली. दोघी मागच्या दाराशी बोलत होत्या. मला फक्त शेवटचं ऐकू आलं.

निदा म्हणाली, "सांगून टाक ना काकीला एकदाचं."

"नको. ती झोपायची नाय मग. आयुष्यात झोपायची नाय."

काय सांगायचंय, ते मला समजलंय असं वाटतं. पुढच्या वेळी ती मुद्दाम बिनब्रेकची उतरणार.

२२ जानेवारी, बुधवार

ह्यांचा फोन. परळच्या ज्या हॉटेलात काम करतात तिथल्या मालकाने भिंतीवर शमिकाचा फोटो लावलाय. आचाऱ्यापासून सगळे ह्यांना आता "ब्रेकचे बाबा" म्हणतात. मी म्हटलं, तिला शर्यत सोडायला सांगा. म्हणाले, "तू आपली अशीच. पोर एवढी वर गेली तर तुझा जीव खाली." मी फोन ठेवला. पॅडचं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ते हॉटेलात अभिमानाने सांगितलं असतं.

मागची नुसती पहिली फेरी होती, फायनल ९ फेब्रुवारीला, त्याच उतारावर. दर्शनने कापडी झेंडे शिवायला टाकलेत, नारिंगी, काळ्या अक्षरांत "ब्रेक कशाला". नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्याने आधीच कापड टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "तिच्या आईच्या हातचे म्हटल्यावर लोक जपून ठेवतील काकी." कडा दुमडून शिवताना ती अक्षरं उलटी दिसतात. तशीच बघत शिवतेय.

२६ जानेवारी, रविवार

कमळाचा रितेश पडला.

शाळेतलं झेंडावंदन करून आला, चहा प्याला आणि सायकलच्या ब्रेकच्या तारा पकडीने कापून उताराला सुटला. खाली टेम्पो वळत होता. खांद्याचं हाड मोडलं आणि जबडा. जीव वाचला. कमळा हॉस्पिटलात बाकावर बसली होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "मैना, तुझी पोर उडते गो. माझा पोरगा उडणारा नव्हता."

तिच्या शेजारी बसले. तिने सरकून जागा दिली, यात तिचं मोठेपण.

शमिका संध्याकाळी त्याला भेटून आली. मोरीत जाऊन नळ सोडून रडली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तू सांगत का नाहीस या पोरांना?"

"काय सांगू?"

"की असं करू नका."

"ते सांगितलं की विचारतील, मग तू कसं केलंस."

"मग सांग कसं केलंस."

माझ्याकडे तिने असं बघितलं की मीच काहीतरी चुकीचं विचारलंय असं वाटलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेली. मला खरंच समजत नाही. पोरीचा चेहरा मला मापाने पाठ होता, आता ते माप बसत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

शमिकाने त्या पानावर लिहिलं, "ब्रेक लावा. मीसुद्धा लावते. कुणी तारा कापू नका." एवढंच. दर्शन तोंड पाडून आला. खाली लोकांनी लिहिलेलं त्याने दाखवलं नाही, पण मी आता स्वतः बघायला शिकलेय. "घाबरली." "कुठल्यातरी कंपनीने पैसे दिले असणार." "मॅडम मोठ्या झाल्या." एकाने लिहिलं होतं, "९ तारखेला ब्रेक मारलास तर खाली आम्ही आहोत." त्याच्या नावाजागी वाघाचं चित्र. हा मुलगा माझ्या फाटकाशी तिळगूळ घेऊन गेला असेल का, ते कळायला मार्ग नाही. दुपारपासून फाटकाला कुलूप लावतेय. कुलपाला तेल घातलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. हळदीकुंकू उरकून घेतलं. विषय दुसरा नव्हताच. काशीमावशी, या आळीत सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, "मैना, मागल्या वेळी शर्यतीआधी काय काय केलं होतंस ते आठव आणि सगळं तस्संच कर. एक गोष्ट इकडची तिकडे नको." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कमळासुद्धा आली होती. वाण घेऊन गेली.

मी आठवून बघितलं. मुगाची खिचडी केली होती. शमिका लवकर झोपली. मी सायकलला तेलाचा हात फिरवला होता.

शुभ-अशुभ मी फारसं मानत नाही. पण भीती वाटायला लागली की माणूस काय मानतो त्याचा नेम राहत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

खिचडी केली. सायकल घरी आली. टेम्पो पहाटे इथूनच निघणार, म्हणून शमिकाचा नाइलाज होता. तिने दोन्ही चाकांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, गाठी मारल्या, आणि सायकल ओटीवर न ठेवता आपल्या खाटेशी घेतली. मला म्हणाली, "आई, नाय ना हात लावणार?"

"नाही गो."

"माझी शपथ?"

"झोप आता."

उद्या मी जाणार आहे. वर, सुटण्याच्या जागेपर्यंत. जे होईल ते डोळ्यांदेखत होऊ दे.

९ फेब्रुवारी, रविवार, पहाटे

ती मोरीत आहे, तेवढ्यात लिहिते.

पिशव्या सोडून बघितलं. बघितल्याशिवाय राहवेना. पॅड काढलेत की काय, एवढंच बघायचं होतं. चिमटे जागेवर आहेत, आत नवे पॅड आहेत. माझा जीव भांड्यात पडला. पोरीने ब्रेक काढले नव्हते, बदलले होते. पण चाक फिरवून ब्रेक दाबला तर कर्र असा आवाज येतो, चकती घासते. यंत्र असं वाजलं म्हणजे ते तेल मागतंय, हे मला कुणी शिकवायला नको. हेच अडकलं आणि ऐन उतारावर ब्रेक लागला नाही तर? आजच्या दिवशी ब्रेक लागायलाच हवा. तेलाची बाटली आणली आणि दोन्ही चकत्यांना, चिमट्याच्या आतसुद्धा, चांगलं तेल सोडलं. आवाज गेला. आता लोण्यासारखं फिरतं. पिशव्या होत्या तशा बांधून ठेवल्या.

तिला सांगणार नाही. शपथ मी मोठ्याने घेतली नव्हती.

मन पुष्कळ हलकं झालं.

तोच दिवस, संध्याकाळ

पाय धुतले आणि तशीच लिहायला बसले.

सड्यावर एवढी माणसं मी कधी बघितली नव्हती. माझेच शिवलेले झेंडे सगळीकडे. फळ्यांचा एक उतरता ओटा केला होता, त्यावरून एकेक जण सुटत होता. नाव पुकारलं की गर्दी ओरडायची, पण शमिकाची वेळ जवळ आली तसं दुसऱ्या कुणाचं नावच ऐकू येईना. नुसतं "ब्रेक कशाला, ब्रेक कशाला". पायांखालच्या कातळातून आवाज येतोय असं वाटत होतं.

शमिकाने पिशव्या काढल्या, निदाने सायकल धरली. शमिका बसली आणि सपाटीवर एक छोटी फेरी मारून तिने ब्रेक दाबला. सायकल पुढे जातच राहिली. पुन्हा दाबला. पाय टेकवून थांबली. मग खाली वाकून चकतीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी धरलं, आणि मान वर करून एवढ्या माणसांतून नेमकी मला शोधली.

मला वाटलं, हात लावला म्हणून रागावली.

रागावली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मला शब्द नाही. तिच्या लहानपणी आंघोळीचं कढत पाणी माझ्या पायावर सांडलं होतं, तेव्हा ती अशी बघत होती, भाजलं मला होतं तरी.

तिचं नाव पुकारलं. ती ओट्यावर चढली. वरचा माणूस उलटे आकडे मोजायला लागला. निदा ओट्याच्या कडेला धावली, "उतर, शमिका, उतर," पण त्या आवाजात कोण ऐकतंय. शमिकाने दोन्ही मुठी धरल्या होत्या. एक क्षण मला वाटलं की ही जाणार. तीही त्याच विचारात असावी, कारण तिने समुद्राकडे बघितलं, तो तिथून एका रेघेएवढा दिसतो.

मग ती पाय टाकून उतरली. मोजणाऱ्याकडून माईक मागून घेतला.

"माझे ब्रेक लागत नाहीयेत," ती म्हणाली. "मागच्या वेळी पण लागले नव्हते. टेम्पो उशिरा पोचला, मी न बघताच सुटले. पहिल्या वळणावर कळलं. मी दाबत होते, लागत नव्हते. वळता येईना म्हणून गडग्यावर गेले. समुद्र नसता तर मी थांबले नसते. मी शूर नाय. मी घाबरले होते."

माझ्या मागे कुणीतरी, अगदी साध्या आवाजात, म्हणालं, "मग आज पण तसंच जा ना. तेच बघायला आलोय."

काही हसले. काहींनी झेंडे खाली केले. मग शिट्ट्या सुरू झाल्या, आणि त्या कौतुकाच्या नव्हत्या.

शर्यत संपेपर्यंत गाड्या खाली सोडणार नव्हते. आम्ही दोरीच्या बाहेरून, लोकांच्या पायवाटेने, चालत निघालो. निदा पुढे लोकांना बाजूला करत होती. शमिकाने मुठी धरल्या. म्हणाली, "आई, तू मागून सीट धर. सुटली तर आपल्याला घेऊन जाईल."

मी धरली. उताराला सायकल नुसती ओढ घेते. टाचा मातीत रुतवून चालावं लागलं. दोन्ही बाजूंनी फोन आमच्यावर धरलेले. एक मुलगा पुटपुटला, "नाटक". त्याच्या शेजारच्याने त्याला गप्प केलं. कोण आपल्या बाजूचं आणि कोण नाही, चेहऱ्यावरून काही ओळखता येत नव्हतं.

पाखाडीच्या डोक्याशी पोचलो तेव्हा तो गडगा मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला. फोनवर तो कमरेएवढा दिसतो. त्याच्या पलीकडे जमीनच नाही. पायऱ्या इतक्या खोल उतरतात की खालची माणसं लहान दिसतात. माझी पोर त्याच्यावरून गेली होती.

"आई," पुढे बघतच शमिका म्हणाली, "या चकतीला तेल लावायचं नसतं गो. तेल लागलं की पॅड घसरतात, धरतच नाय."

"आज मी लावलं म्हणून?"

"आज पण."

माझे पाय थांबले. सायकल पुढे ओढत होती.

"म्हणजे मागच्या वेळी," मी म्हटलं. "ते आदल्या रात्री मीच."

"सायकल धर आई. सोडू नको."

मी सोडली नाही. पायरी पायरी उतरलो.

खाली दर्शन उभा होता, डोळे लाल. "तेल टाकलंय कुणीतरी, निघण्याआधी वर शर्यतवाल्यांनी चकत्या बघितल्या. कोणी केलं ते फक्त नाव सांग." त्याच्यामागे वीसेक मुलगे होते. त्यांना खरंच नाव हवं होतं.

शमिका म्हणाली, "माझ्याच हातून राहिलं."

मी सीटवरचा हात काढला. "मी लावलं," मी म्हटलं. "दोन्ही वेळेला. गंज धरू नये म्हणून."

दर्शनच्या हातात फोन होता. तो चालू होता की बंद, मी बघितलं नाही. मुलगे माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांची भीती वाटायला हवी होती. पण तो गडगा बघून आल्यावर भीतीला दुसरीकडे जागाच नव्हती.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोन चालू होता. सगळीकडे गेलं.

शमिकाने बघू नको म्हटलं तरी बघितलं. "आईनेच मारलं असतं पोरीला." हे खरं आहे, त्यावर मला काही म्हणायचं नाही. "म्हणजे नुसतं नशीब." हेही असेल. पण त्याच्याही खाली, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट, "आईचं तेल", "आईच्या तेलाचा चमत्कार", आणि एकाने गंभीरपणे विचारलंय की मशीनचं तेल कुठल्या कंपनीचं. त्याला अनेकांनी उत्तरं दिलीत.

ह्यांचा फोन आला. दोनदा नुसतं हॅलो हॅलो केलं. मग म्हणाले, "जेवलात का दोघी?"

तिला म्हटलं, "महिनाभर गप्प कशी राहिलीस?" ती म्हणाली, "तुला सांगायचं म्हणून रोज घरी यायचे. तू दाराशी उभी असायचीस. मग नाय जमायचं."

संध्याकाळी ब्लाऊज शिवायला घेतला तर मशीन कुरकुरलं. बाटलीकडे हात जाईना. तशीच रेटत राहिले, दोरा तुटला, पुन्हा तुटला. शमिका उठली, बाटली आणून माझ्यापुढे ठेवली. "मशीनला घाल गो. त्याला लागतं."

१६ फेब्रुवारी, रविवार

कमळा रितेशला घेऊन आली होती. जबड्याला तार असल्याने त्याला बोलता येत नाही. शमिका त्याच्याशेजारी ओटीवर बसून एकटीच बोलत होती. तो मान हलवत होता. शर्यती सोडणार का, असं मी तिला विचारलेलं नाही. सायकल निदाकडे आहे.

ते गेल्यावर फाटकाशी एक मुलगी आली, मनस्वी नावाची, कॉलेजातली असावी. नवी कोरी सायकल, तशाच चकत्यांची. पुढच्या महिन्यात तिची पहिली उताराची शर्यत आहे. म्हणाली, "काकी, तुमचा हात फिरवा ना सायकलवर. शकुन म्हणून. सगळे म्हणतात." सोबत मशीनच्या तेलाची बाटली घेऊन आली होती, दुकानातून नुकतीच घेतलेली.

बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि घरात नेऊन कपाटात ठेवली. मग कोरडी चिंधी घेतली, तिच्यासमोर बसून सायकलचा दांडा पुसला, सीट पुसली, मुठी पुसल्या. चकतीपाशी आल्यावर हात मागे घेतला.

"उचल चाक," मी म्हटलं. "फिरव. आता ब्रेक दाब."

तिने दाबला. कर्र वाजलं आणि चाक जागच्या जागी थांबलं.

"आवाज येतोय काकी."

"येऊ दे. पुन्हा दाब."

पुन्हा थांबलं. ती हसली, तिला वाटलं हाच शकुन असेल. मी पुन्हा दाबायला लावलं, आणि पुन्हा. ती कंटाळली, घड्याळ बघायला लागली, तरी मी म्हणत राहिले, दाब.